प्रत्येक जपानी विमान ‘झिरो’ नसतं: युद्धकाळातल्या फोटोंमधली जपानी नौदलाची लढाऊ विमानं कशी ओळखावीत

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक आघाडीचे फोटो इंटरनेटवर हजारोंनी सापडतात. पंखावर तांबडा गोळा दिसला की फोटोखाली ‘जपानी झिरो’ लिहून मोकळं व्हायचं, ही जुनी सवय आहे. झिरो म्हणजे मित्सुबिशीने आखलेलं, जपानी नौदलाचं लढाऊ विमान. त्या काळी चीन आणि ब्रह्मदेशात लढणारे दोस्त राष्ट्रांचे वैमानिकसुद्धा समोर आलेल्या चपळ जपानी विमानाला झिरोच म्हणत. तिथे त्यांच्यासमोर बहुतेक वेळा जपानी लष्कराचं नाकाजिमा की-४३, म्हणजे हायाबुसा, असायचं. आपल्याकडचे कितीतरी मराठी सैनिक ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, त्यामुळे तिथले फोटो आपल्या लोकांकडून आवडीने फिरवले जातात आणि चुकीचं नावही सोबत फिरतं. म्हणून हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिला आहे. जपानी नौदलाचं, विमानवाहू जहाजावरून उडण्यासाठी बांधलेलं लढाऊ विमान फोटोत कसं ओळखायचं, एवढाच त्याचा विषय.

पद्धत एका ओळीत सांगता येते. आधी आकार बघायचा, मग रंग आणि आकडे, आणि फोटोखालची ओळ सगळ्यात शेवटी वाचायची. सिंहगडावर उभं राहून राजगड आणि तोरणा ओळखणारा माणूस डोंगराचा रंग बघत नाही, कडेची रेघ बघतो. इथेही तेच करायचं आहे.

सुरुवातीला: फोटो नीट मिळवा

समाजमाध्यमांवरचा दहा वेळा कापलेला, धूसर झालेला फोटो घेऊन बसू नका. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार, अमेरिकी नौदलाचा इतिहास विभाग, ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल, लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर याच फोटोंच्या मोठ्या प्रती अनेकदा असतात. मोठ्या प्रतीत एखादी नळी, एखादी पत्र्याची सांध दिसते, आणि निकाल तिथेच लागतो.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना, हे तपासा. डावं-उजवं बदललेले फोटो पुस्तकांतही छापून आलेले आहेत. शेपटीवरचा आकडा वाचता येत असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर झिरोच्या बाबतीत एक खूण हमखास उपयोगी पडते. वेग मोजणारी पिटो नळी त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाच्या बाजूला असते. ती उजव्या पंखावर दिसली तर फोटो उलटा आहे.

पहिली खूण: चाकं

चाकं कायमची बाहेर आहेत की पोटात जातात, इथून सुरुवात करा. उडतानाच्या फोटोत चाकं खाली लटकलेली असतील आणि त्यांवर पत्र्याचे फुगीर मोजे चढवलेले असतील, तर ते झिरो नाही.

नौदलाचं असं एकच महत्त्वाचं लढाऊ विमान आहे: मित्सुबिशी ए५एम, जपानी नाव ‘९६ प्रकारचं वाहू लढाऊ विमान’. दोस्त राष्ट्रांनी त्याला क्लॉड म्हटलं. ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेवेत आलं आणि चीनवरच्या युद्धात गाजलं. त्याचा पंख लंबगोलाकार, कॉकपिट उघडं आणि वैमानिकाच्या डोक्यामागे एक कुबड. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की शंका उरत नाही. मधल्या एका आवृत्तीला बंद काचेचं छप्पर दिलं होतं, पण वैमानिकांना ते आवडलं नाही आणि काढून टाकलं. तेव्हा छप्पर असलेला क्लॉड क्वचित दिसला तरी गोंधळू नका.

क्लॉडचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो कानइचि काशिमुराच्या विमानाचा आहे. डिसेंबर १९३७ मध्ये नानचांगवरच्या हवाई लढाईत त्याच्या डाव्या पंखाचा मोठा तुकडा उडाला, तरी तो विमान परत घेऊन आला. अर्ध्यात तुटलेला पंख आणि खाली मोजे घातलेली चाकं असं ते चित्र एकदा पाहिलं की क्लॉड डोक्यात पक्का बसतो.

इथे दोन चकवे आहेत. लष्कराच्या की-२७ लाही असेच मोजे आहेत, पण त्याचं कॉकपिट काचेने बंद आहे आणि पंखाची पुढची कड जवळजवळ सरळ आहे. दुसरा चकवा आयची डी३ए, म्हणजे ‘व्हाल’ हे सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान. त्यात दोन माणसं बसतात, त्यामुळे काचेचं छप्पर लांबलचक असतं. माणसं मोजली की हा प्रश्न सुटतो.

आणि स्थिर चाकं दिसली म्हणून फोटो १९४० च्या आधीचाच, असंही धरू नका. शोहोसारख्या लहान विमानवाहू जहाजांवर मे १९४२ च्या कोरल समुद्राच्या लढाईपर्यंत क्लॉड होते.

दुसरी खूण: पंखाची पुढची कड

चाकं आत जाणारी आहेत, इंजिन गोल आहे, माणूस एकच आहे, पंख खालच्या बाजूला आहे. आता निवड बहुतेक वेळा झिरो आणि हायाबुसा यांच्यात. नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो, म्हणून थोडं थांबू.

विमान वरून किंवा खालून दिसत असेल तर पंखाच्या पुढच्या कडेवर एक पट्टी ठेवून बघा. हायाबुसाची पुढची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास सरळ असते आणि पंखाचा सगळा निमुळतेपणा मागच्या कडेतून येतो. नाकाजिमाच्या की-२७, की-४३, की-४४, की-८४ या लष्करी लढाऊ विमानांत ही रेघ वारंवार दिसते. झिरोची पुढची कड मात्र टोकाकडे जाताना किंचित मागे झुकते, म्हणजे पंख दोन्ही बाजूंनी निमुळता होतो. एकदा डोळा बसला की धुरकट फोटोतही हा फरक जाणवतो.

विमान बाजूने दिसत असेल तर शेपूट आणि छप्पर बघा. झिरोच्या उभ्या शेपटीच्या मागे, रडरच्या (शेपटीच्या हलणाऱ्या फळीच्या) पलीकडे, शरीराचं टोक शंकूसारखं बाहेर आलेलं असतं. काचेच्या छपरावर आडव्या-उभ्या पट्ट्यांची दाट जाळी असते आणि ते मागे लांबवर उतरत जातं. हायाबुसाच्या छपरात पट्ट्या कमी, काच जास्त. झिरोचं मागचं छोटं चाकही उडताना आत जातं, हायाबुसाचं जात नाही.

समोरून दिसत असेल तर बंदुका. झिरोच्या दोन्ही पंखांत २० मिमीची एकेक तोफ असते. हायाबुसाच्या पंखांत काहीच नसतं, त्याच्या दोन्ही बंदुका नाकावर.

जमिनीवरचा फोटो असेल तर शेपटीवर काय रंगवलं आहे, ते जवळजवळ उत्तरच देऊन टाकतं. नौदलाच्या शेपटीवर अक्षरं आणि आकडे असतात. लष्कराच्या शेपटीवर बहुधा तुकडीचं चिन्ह असतं: बाण, पट्टे, एखादी नक्षी. ब्रह्मदेश आघाडीच्या फोटोत अशी नक्षी दिसली तर ‘झिरो’ हा शब्द खुशाल खोडा. पण भारताच्या दिशेला झिरो कधी आलंच नाही, असंही म्हणू नका. ५ डिसेंबर १९४३ ला कलकत्त्यावर झालेल्या हल्ल्यात नौदलाची झिरो विमानंही होती, आणि त्याआधी एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर चालून आलेल्या जहाजांवरची लढाऊ विमानं तर झिरोच होती.

झिरो ठरलं. आता कोणतं झिरो?

इथे जपानी क्रमांकाची रीत समजली की काम सोपं होतं. ‘झिरो’ हे नाव सम्राटांच्या कालगणनेतून आलं. इ.स. १९४० म्हणजे जपानी वर्ष २६००, त्याचा शेवटचा आकडा शून्य. क्लॉडचा ९६ हा आकडाही तसाच २५९६ मधून, म्हणजे १९३६ मधून आला. मॉडेलच्या दोन आकड्यांपैकी पहिला सांगाड्यातला बदल सांगतो आणि दुसरा इंजिनातला. म्हणून ‘मॉडेल २१’ हे एकवीस नव्हे, दोन-एक असं वाचायचं: सांगाडा दुसरा, इंजिन पहिलं. नंतर आलेल्या २२ चा आकडा आधी आलेल्या ३२ पेक्षा लहान का, याचंही उत्तर यातच आहे. त्याने दुसरा सांगाडा, म्हणजे लांब पंख, परत घेतला आणि इंजिन नवं ठेवलं.

नवख्याला चार मॉडेलं ओळखता आली की पुरे: २१, ३२, २२ आणि ५२. पंखाची टोकं आणि नाक, या दोनच ठिकाणी बघायचं.

टोकं आधी. टोक चौकोनी, जणू करवतीने कापलेलं, तर मॉडेल ३२. दुसऱ्या कुठल्याच झिरोचं टोक असं नाही. १९४२ मध्ये ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या गुप्तवार्ता विभागाला हे नवंच विमान वाटलं आणि त्यांनी त्याला वेगळं सांकेतिक नाव दिलं: आधी हॅप, मग हॅम्प. ‘हॅप’ हे अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख जनरल अरनॉल्ड यांचं टोपणनाव होतं, त्यामुळे ते बदलावं लागलं. जुन्या फोटोंखाली हॅप किंवा हॅम्प लिहिलेलं दिसलं तर ते मॉडेल ३२ समजा.

टोक गोल असेल तर तीन पर्याय उरतात. २१ आणि २२ चा पंख १२ मीटरचा आणि दोन्ही बाजूंची टोकं अर्धा-अर्धा मीटर वर दुमडणारी. जहाजाच्या लिफ्टवर विमान नीट बसावं म्हणून ही सोय. जवळच्या फोटोत टोकापासून अर्ध्या मीटरवर ही दुमडीची सांध दिसते, आणि डेकवरच्या फोटोत टोक वर दुमडलेलं असेल तर मग विचारायलाच नको. ५२ चा पंख ११ मीटरचा, गोल पण न दुमडणारा.

आता नाक. २१ च्या इंजिनावरच्या आवरणाचा, म्हणजे काउलिंगचा, वरचा ओठ गुळगुळीत असतो, कारण कार्ब्युरेटरला हवा देणारं तोंड खाली आहे. ३२ पासून नवं, दोन वेगांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) साकाए इंजिन आलं आणि हे तोंड वरच्या ओठावर गेलं. नवखे लोक खालचं तोंड बघून ‘हे २१’ म्हणतात आणि फसतात, कारण तेल थंड करणाऱ्या यंत्राचं तोंड सगळ्याच झिरोंच्या पोटाखाली असतं. नजर वरच्या ओठावर ठेवा. तिथे तोंड असेल तर ते २१ नाही.

शेवटी धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या. २१, ३२ आणि २२ मध्ये सगळा धूर एकत्र करून दोन्ही बाजूंना एकेका जाड नळीतून काढलेला असतो. ५२ मध्ये प्रत्येक बाजूला छोट्या-छोट्या सुट्या नळ्यांची रांग काउलिंगच्या मागून बाहेर आलेली दिसते. धुराचा थोडा धक्का विमानाला पुढे ढकलायला मिळावा, म्हणून हा बदल केला. अगदी सुरुवातीच्या काही ५२ विमानांना मात्र जुनीच रचना होती, तेव्हा नळ्या नाहीत एवढ्यावरून ५२ नाकारू नका, टोकही बघा.

२२ हे मॉडेल का आलं, हे लक्षात ठेवलं तर फोटोची तारीख लावायला मदत होते. ऑगस्ट १९४२ मध्ये सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालची लढाई पेटली. राबाऊलच्या जपानी तळाहून तिथलं अंतर एका बाजूने सुमारे १,००० किलोमीटर. ३२ च्या पोटात इंधन कमी मावायचं, ते तिथवर जाऊन, लढून परत येऊ शकत नव्हतं. म्हणून लांब पंख आणि जास्त इंधन असलेलं २२ आणलं. ते मुख्यतः १९४३ च्या सॉलोमन बेटांवरच्या फोटोंत भेटतं. ५२ साधारण १९४३ च्या शरदापासून पुढे, युद्ध संपेपर्यंत.

रंगावर कितपत भरवसा ठेवावा

कमीच, कारण बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत आणि त्या काळच्या फिल्मचे दोन प्रकार होते. एक फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. तिच्यात तांबडा गोळा काळाकुट्ट येतो, पिवळाही गडद येतो आणि निळा फिका पडतो. दुसऱ्या फिल्ममध्ये तांबडा राखाडी आणि पिवळा जवळपास पांढरा. म्हणून ‘पट्टा काळा दिसतोय, म्हणजे काळाच’ असं कधी धरू नये. आधी पंखावरचा गोळा किती गडद आला आहे ते बघावं. त्याचा रंग आपल्याला माहीत असतो, तोच मापदंड.

तरी मोठ्या खुणा उपयोगी पडतात. सगळं विमान फिकं आणि नाक काळं असेल तर बहुधा १९४० ते ४२. वरची बाजू गडद हिरवी, खालची फिकी, तर १९४३ आणि नंतर. पंखाच्या पुढच्या कडेवर आतल्या अर्ध्या भागात वेगळ्या छटेची पट्टी असेल, तर ती ओळखीसाठीची पिवळी पट्टी आहे आणि फोटो १९४२ च्या उत्तरार्धानंतरचा.

हिरव्या झिरोत आणखी एक सुंदर खूण आहे. मित्सुबिशीने आखलेलं हे विमान नाकाजिमाच्या कारखान्यातही बनत होतं, आणि निम्म्याहून जास्त तिथेच बनली. मित्सुबिशीच्या विमानावर हिरव्या आणि फिक्या रंगाची सीमारेषा शरीरावरून सरळ शेपटीच्या टोकापर्यंत जाते. नाकाजिमाच्या विमानावर ती मागे जाताना वळून आडव्या शेपटीकडे चढते. बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोत कारखाना सांगता येतो, आणि हे पहिल्यांदा जमतं तेव्हा होणारा आनंद मोठा असतो.

शेपटीवरचे आकडे

पर्ल हार्बरवर ७ डिसेंबर १९४१ ला गेलेल्या सहा जहाजांची पद्धत पाठ करण्यासारखी आहे. आकागी आणि कागा यांना ए हे रोमन अक्षर, सोर्यु आणि हिर्यु यांना बी, शोकाकु आणि झुइकाकु यांना ई. अक्षरापुढे रोमन एक किंवा दोन, जोडीतलं पहिलं जहाज की दुसरं ते सांगायला. त्यापुढचा आकडा १०० च्या घरातला असेल तर लढाऊ विमान. शरीराच्या मागच्या भागावर पट्टेही असत: ए जोडीला तांबडे, बी जोडीला निळे, ई जोडीला पांढरे, पहिल्या जहाजाला एक आणि दुसऱ्याला दोन.

उदाहरण घ्या. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर हवाईच्या निइहाउ बेटावर उतरलेल्या शिगेनोरि निशिकाइचीच्या विमानाचा आकडा ‘बी-दोन-१२०’. बी-दोन म्हणजे हिर्यु, १२० म्हणजे लढाऊ. फोटोतलं विमान जळून गेलेलं असलं तरी आकड्यावरून जहाज कळतं.

जमिनीवरच्या तुकड्यांचे संकेत वेगळे. १९४२ मधल्या ताइनान तुकडीचं अक्षर व्ही. १९४४ च्या सुमारास जहाजांवरच्या तुकड्यांनी ६०१, ६५३ असे तीन आकडी संकेत घेतले. डेकवर उभ्या असलेल्या विमानामागे जहाजाचा मनोरा दिसत असेल तर तोही बघा: आकागी आणि हिर्यु या दोनच मोठ्या जहाजांचा मनोरा डाव्या बाजूला होता.

एक महत्त्वाची सावधगिरी. आकडा विमानाचा असतो, वैमानिकाचा नव्हे. सॉलोमन बेटांवर १९४३ मध्ये काढलेला ‘यू१-१०५’ आकड्याचा उडत्या झिरोचा फोटो जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हिरोयोशी निशिझावा या नामांकित वैमानिकाचा म्हणून येतो. त्यातून पक्कं सांगता येतं ते असं: यू१ म्हणजे २५१ वी तुकडी, मॉडेल २२, आणि मूळच्या फिक्या रंगावर तळावरच घाईने फासलेला हिरवा रंग, कारण फराटे अजून दिसतात. जपानी नौदलात वैमानिक त्या दिवशी हाताशी असेल ते विमान नेत, त्यामुळे आत कोण बसलं आहे हे शेपूट सांगू शकत नाही.

विचित्र वाटणारे पण खरे फोटो, आणि खोटे

झिरोवर अमेरिकी तारा दिसला तर लगेच बनावट म्हणू नका. ४ जून १९४२ ला र्‍युजो जहाजावरचा तादायोशी कोगा अलास्काजवळच्या आकुतान बेटावर दलदलीत उतरताना उलटला आणि मरण पावला. ते विमान जुलैमध्ये अमेरिकनांना सापडलं, दुरुस्त झालं आणि त्याच वर्षी सॅन डिएगोला अमेरिकी खुणांसह उडालं. दलदलीतल्या त्याच्या फोटोंत झिरोचं पोट वर आलेलं आहे, आणि पोटाचा अभ्यास करायला त्याहून चांगलं साधन नाही. पांढरं विमान आणि त्यावर हिरवा क्रॉस असेल तर तो ऑगस्ट १९४५ च्या शरणागतीनंतरचा फोटो आहे.

खोट्यांमध्ये सगळ्यात जास्त फिरतात ते १९७० मध्ये आलेल्या, पर्ल हार्बरवरच्या एका मोठ्या चित्रपटातले फोटो. त्यातली ‘झिरो’ म्हणजे रूप बदललेली अमेरिकी टी-६ प्रशिक्षण विमानं. रंगीत, स्वच्छ आणि फारच जवळून काढलेला ‘पर्ल हार्बरचा’ फोटो दिसला की धुराची नळी बघा. टी-६ ला ती फक्त उजव्या बाजूला असते, झिरोला दोन्ही बाजूंना.

डोळा कसा तयार करावा

एका वेळी एकच खूण घ्या. आठवडाभर फक्त पंखाची पुढची कड, पुढच्या आठवड्यात फक्त नाकाचा वरचा ओठ. ओळख लिहिताना पायऱ्या ठेवा: ‘नौदलाचं विमान’, ‘झिरो’, ‘झिरो, २१ नाही’, ‘मॉडेल २२’. फोटो ज्या पायरीपर्यंत नेतो तिथेच थांबा आणि कोणत्या खुणेवरून ठरवलं ते शेजारी लिहा, म्हणजे दुसऱ्याला तपासता येईल.

परदेशात असाल तर खरं विमान बघून या. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये मॉडेल २१ आहे, ऑकलंडच्या वॉर मेमोरियल म्युझियममध्ये मॉडेल २२, टोकियोच्या युशुकान संग्रहालयात ५२. कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या प्लेन्स ऑफ फेम संग्रहालयात १९४४ मध्ये सायपानवर हाती लागलेलं ‘६१-१२०’ आहे. ते नाकाजिमाने बांधलेलं ५२ आहे आणि मूळच्या साकाए इंजिनावर उडणारं म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे गेलात तर नाकाच्या बाजूला उभं राहून सुट्या नळ्यांची रांग मोजा, आणि मागे जाऊन रंगाची सीमारेषा आडव्या शेपटीकडे चढते का ते बघा.